कोळंबीत व्हिब्रिओ (खाऱ्या पाण्यातला बॅक्टेरिया) वाढलाय, अँटिबायोटिक न देता लसूण, ओवा, पेरूची पानं यांनी खरंच काही होतं का?

खाजणवाला:
नमस्कार मंडळी. पालघर तालुक्यात खाडीला लागून आमचे वनामी कोळंबीचे तलाव आहेत, उन्हाळी पीक चालू आहे, बीज (कोळंबीची पिल्लं) सोडून दीड महिना होत आला. बाकीचे तलाव ठीक आहेत पण एका तलावात आठवडाभर चेक ट्रेमध्ये (खाल्लं किती ते बघायची ट्रे) खाद्य उरतंय, वारा लागतो त्या कोपऱ्यात पांढरे दोरे तरंगताना दिसतात आणि काही कोळंबीचं आतडं मधेमधे तुटक, रिकामं दिसतं. मरतूक अजून फारशी नाही. लॅबला पाणी आणि कोळंबी दिली तर टीसीबीएस प्लेटवर (व्हिब्रिओ वाढवून मोजायची लॅबची प्लेट) हिरव्या कॉलनी पिवळ्यांच्या वर गेल्यात असं सांगितलं.

इथला औषधवाला एक पुडी देतोय, त्यावर नाव मोठं आहे पण आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही, विचारलं तर म्हणतो दादा तीन दिवस द्या, गट, म्हणजे आतडं, क्लिअर होईल. मला ती द्यायची नाहीये. माल एक्सपोर्टवाल्याकडे जातो, आणि तलावाची पहिली जाळी निघाली की घरातली पोरंही हीच कोळंबी खातात.

बाबा म्हणतात लसूण वाटून घाल. आंध्रातला एक ओळखीचा पेरूच्या पानांचा काढा आणि गूळ सांगतोय. व्हॉट्सॅपवर एकाने कडुलिंबाचा अर्क पाण्यात ओतायला सांगितलाय. यातलं काय खरं, किती द्यायचं, कसं द्यायचं? ज्यांनी वापरलंय किंवा ज्यांना यातलं शास्त्र कळतं त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, तलाव हातचा जायला नको.

मत्स्यपदवी_शिरगाव:
दादा पहिली गोष्ट, ती पुडी नको म्हणालात ते अगदी योग्य केलंत. पण लसणाकडे जायच्या आधी एक बघून घ्या. पांढरे दोरे दिसले की सगळे जण बॅक्टेरिया म्हणतात, पण पांढऱ्या विष्ठेच्या मागे बऱ्याचदा ईएचपी असतो आणि तो बॅक्टेरिया नाहीच, तो मायक्रोस्पोरिडियन, म्हणजे बुरशीच्या जवळचा परजीवी, एचपीच्या, म्हणजे कोळंबीच्या यकृतासारख्या पचनग्रंथीच्या, पेशींच्या आत जाऊन बसतो. त्याच्यावर अँटिबायोटिकही चालत नाही आणि लसूणही नाही. तो असेल तर कोळंबी मरण्यापेक्षा वाढायची थांबते, एकाच तलावात लहानमोठी अशी सरमिसळ दिसायला लागते, आणि वर व्हिब्रिओ चढला की पांढरे दोरे येतात. म्हणून एचपीचं पीसीआर आधी करा. बीज घेताना ईएचपीचा रिपोर्ट बघितला होता का तेही लिहा.

दुसरं, मायक्रोस्कोपखाली एचपी दाबून बघितला तर आत अळीसारखं काहीतरी पारदर्शक दिसतं, ते जंत समजून जंताचं औषध विकणारे भरपूर आहेत. थायलंडच्या संशोधकांनी २०१४ मध्येच दाखवलंय की ते जंत नाहीतच, एचपीच्या पेशींवरचे जे बारीक केसांसारखे तंतू असतात ते सुटून गोळा झाले की तसा आकार होतो. तेव्हा त्या नावाने कोणी काही खपवायला आला तर घेऊ नका.

आता प्लेटबद्दल. टीसीबीएसवर पिवळा म्हणजे साखर आंबवणारा व्हिब्रिओ, हिरवा म्हणजे न आंबवणारा. हिरव्यात पॅराहिमोलिटिकस, व्हल्निफिकस, हार्वेयीच्या बऱ्याच जाती येतात म्हणून लोक हिरवा बघून घाबरतात, पण नुसत्या रंगावरून रोग ठरत नाही. खाडीच्या पाण्यात व्हिब्रिओ असतोच, कायम असतो, कात टाकली की त्या कवचातल्या कायटिनवर तर तो मजेत वाढतो. त्याला शून्यावर आणायचा हा हट्टच चुकीचा आहे. पाण्यात जोरदार जंतुनाशक मारलं तर सगळेच मरतात, आणि मग मोकळ्या झालेल्या पाण्यात सगळ्यात आधी परत येतो तो हाच, कारण त्याची वाढ सगळ्यात जलद. चार दिवसांनी प्लेट पहिल्यापेक्षा वाईट येते.

वसईकर_पाँड:
आमच्याकडे लसूण बरीच वर्षं वापरतो, जे करतो ते लिहितो. किलोभर खाद्याला दहा ग्रॅमच्या आसपास सोललेला लसूण. वाटायचा आणि लगेच मिसळायचा नाही, दहा मिनिटं तसाच ठेवायचा. लसणात ॲलिसिन तयार नसतं, पाकळी ठेचली की आतलं एंझाइम ॲलिइनवर काम करतं तेव्हा ते तयार होतं. गरम केला की ते एंझाइम मरतं, म्हणून शिजवलेला किंवा गरम पाण्यात टाकलेला लसूण घालण्यात काही अर्थ नाही. आणि ॲलिसिन टिकाऊही नाही, सकाळी वाटलेला संध्याकाळच्या फीडला वापरायचा नाही, दर वेळी ताजा.

मग बाइंडर, म्हणजे लसूण खाद्याला चिकटवून ठेवणारं. हे लोक विसरतात. कोळंबी माशासारखी गपकन गिळत नाही, पायात धरून कुरतडत बसते, तोपर्यंत वर लावलेलं सगळं पाण्यात धुऊन जातं. अंड्याचा पांढरा बलक किंवा बाजारातलं जेल लावून खाद्य सावलीत अर्धा तास सुकवायचं मग टाकायचं. उन्हात नाही.

आणि मुख्य म्हणजे खाद्य कमी करा हो. ट्रेमध्ये उरतंय म्हणताय आणि तरी चार्टप्रमाणे टाकत असाल तर लसूण काय करणार, उरलेलं खाद्य तळात सडतं तोच व्हिब्रिओचा खुराक. आम्ही अशा वेळी एकदम निम्म्यावर आणतो, ट्रे साफ व्हायला लागली की हळूहळू वाढवतो. मधला गाळ काढायचा, काळा वास मारणारा असेल तर नक्की काढायचा, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) पहाटे बंद ठेवायचे नाहीत. माझं म्हणणं असं की बरं वाटण्यात सत्तर टक्के वाटा या कामाचा आणि उरलेला लसणाचा, पण लसूण लावला की कोळंबी खाद्यावर येते हे नक्की, वासाला येते.

बाणकोट_खाडी:
मला हे सगळं हर्बल प्रकरण पटत नाही, स्पष्ट बोलतो राग मानू नका. प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी पीपीटी दाखवतो, अमुक पानाच्या अर्काने प्लेटवर एवढा मोठा गोल साफ झाला. प्लेटवर तर व्हिनेगरनेही होतो. तलावात ते कुठे होतं? मी एका प्रसिद्ध हर्बल लिक्विडचे कॅन पाण्यात ओतलेत, पैसे गेले आणि कोळंबीवर काडीचा फरक पडला नाही.

हॅचरी_मरक्कानम:
बाणकोटवाल्या भाऊंचा मुद्दा बरोबर आहे पण त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. हिशोब मांडून बघू. एक एकर तलाव, सव्वा मीटरच्या जरा कमी पाणी धरा, १.२ मीटर. ते साधारण ४८ ते ४९ लाख लिटर होतं. लॅबमध्ये एखादा अर्क एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅमला व्हिब्रिओ थांबवतो असं आलं, जे वनस्पतीच्या कच्च्या अर्कासाठी चांगलंच म्हणायचं, तर तेवढं प्रमाण तलावात आणायला जवळजवळ पाच टन अर्क लागेल. एका तलावाला! म्हणजे कॅन ओतून काही होणं शक्यच नव्हतं. पाण्यात ओतायच्या वनस्पतीजन्य औषधावर माझाही विश्वास नाही. पण खाद्यातून दिलं तर तेच प्रमाण फक्त आतड्यात गाठायचं असतं, आणि व्हिब्रिओ खरा त्रास देतो तो आतडं आणि एचपीतच. त्यामुळे सगळा खेळ खाद्यातून द्यायचा आहे, पाण्यातून नाही.

मी मूळचा अलिबागकडचा, सध्या तमिळनाडूत हॅचरीत, म्हणजे बीज तयार करतात तिथे आहे. आमच्याकडे हा प्रश्न जुना आहे. चमकणारा व्हिब्रिओ, हार्वेयी, रात्री दिवे बंद केले की टाकीतल्या लार्व्हा (अगदी लहान पिल्लं) हिरवट चमकतात आणि सकाळपर्यंत तळाशी. पूर्वी हॅचऱ्यांमध्ये अँटिबायोटिक सर्रास टाकायचे आणि मंगळूरच्या फिशरीज कॉलेजच्या संशोधकांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलंय की टायगर कोळंबीच्या लार्व्हा ज्या हार्वेयीने सामूहिक मेल्या तो अँटिबायोटिकला दाद न देणारा होता. म्हणजे तीस वर्षांपूर्वी! तरी आजही पुडीवर भरवसा ठेवणारे आहेत याचं मला फार वाईट वाटतं, कारण तुम्ही तलावात तयार केलेला रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देणारे बॅक्टेरिया, ओहोटीला खाडीत जातो आणि भरतीला शेजाऱ्याच्या तलावात, आणि त्यातले काही व्हिब्रिओ माणसालाही आजारी करणारे आहेत.

पेरूच्या पानांबद्दल. ते उगाच नाही, थायलंडमध्ये नव्वदच्या दशकात पेरूच्या पानाच्या अर्कावर व्हिब्रिओसाठी बरंच काम झालंय, तिथे किराईतही वापरतात, आपल्या कोकणात तापाला देतात तीच कडू किराईत. पेरूच्या पानात टॅनिन आणि क्वेर्सेटिन असतं. पण टॅनिन जास्त झालं की प्रथिनं नीट पचत नाहीत, त्यामुळे काढा जितका कडक तितका चांगला असं अजिबात समजू नका. पातळ काढा, खाद्य भिजेल इतकाच, आणि सलग महिनाभर नाही.

ओवा मला जास्त आवडतो. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर, ३५ ते ६० टक्क्यांपर्यंत, परदेशात ओरेगॅनोचं तेल म्हणून जे महाग विकतात त्यात कार्वाक्रॉल असतं ते याचंच भावंड. हे दोन्ही बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पडद्यालाच भोकं पाडतात, त्यामुळे नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या व्हिब्रिओवरही चालू शकतात. अडचण एवढीच की पाण्यात विरघळत नाही आणि उडून जातं. माशाच्या तेलात कालवून मग खाद्याला लावायचं. जास्त झालं तर कोळंबी खाद्याला तोंड लावत नाही, ट्रे बघत बघत वाढवायचं. ओव्याचं फूल म्हणून जे खडे मिळतात ते जवळपास शुद्ध थायमॉल, ते अंदाजाने टाकू नका, मोजल्याशिवाय हातही लावू नका.

दालचिनीची गोष्ट वेगळीच आहे आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. व्हिब्रिओ संख्येने कमी असतात तेव्हा गप्प असतात, एकमेकांना रासायनिक निरोप पाठवत असतात, संख्या पुरेशी झाली की सगळे मिळून विषं सोडायला लागतात. याला कोरम सेन्सिंग म्हणतात आणि यातलं पायाभूत संशोधन ज्या जिवांवर झालं त्यात हाच हार्वेयी होता. २००८ मध्ये दाखवलं गेलं की दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड व्हिब्रिओला न मारताही हा निरोप पुढे जाऊ देत नाही. मारायचंच नसेल तर रेझिस्टन्स तयार व्हायचा दबावही कमी. तलावावर लागू होईल असा पक्का डोस यातून मी तुम्हाला देणार नाही, पण काम चाललंय ते या दिशेने आणि ती दिशा बरोबर आहे.

वसईकर_पाँड:
कडुलिंबाचं कोणीच बोललं नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे, व्हॉट्सॅपवर फिरतंय.

हॅचरी_मरक्कानम:
हो, बरं झालं आठवण केलीत. कडुलिंबाचा अर्क तलावात ओतू नका, हे ठळक लिहून ठेवा. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन किडीवर कसं काम करतं? तिची कात टाकायची प्रक्रिया बिघडवतं. कोळंबीही कात टाकूनच वाढते, दोघींचा कात टाकायचा हार्मोन सारखाच. तुमच्या जित्राबाला शेतातल्या अळीचं औषध पाजल्यासारखं होईल ते. मऊ कवचाचे, अर्धवट कात अडकलेले नग दिसायला लागतील. झाडपाला आहे म्हणजे निर्धोक, हा समज काढून टाका. मोहाची पेंड तर आपण वापरतोच की बीज सोडायच्या आधी, तीही वनस्पतीच आणि तिच्यातल्या सॅपोनिनने तलावातले सगळे मासे मरतात.

निर्यात_लॅबवाली:
मी एका प्रोसेसिंग प्लांटच्या लॅबमध्ये आहे, रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाच्या बाजूने लिहिते कारण हे शेतकऱ्यापर्यंत कधी नीट पोचतच नाही.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिक. युरोपमध्ये क्लोरॅम्फेनिकॉलची रेघ २०२२ च्या नोव्हेंबरपासून किलोला ०.१५ मायक्रोग्रॅम आहे आणि नायट्रोफ्युरानच्या अवशेषांची ०.५. म्हणजे एक टन कोळंबीत ०.१५ मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल सापडलं तरी कंटेनर अडकतो. दिसणार नाही एवढं. आणि नायट्रोफ्युरान शरीरात मोडतं पण त्याचे तुकडे मांसाच्या प्रथिनाला चिकटून बसतात, औषध थांबवून कितीतरी आठवडे झाले तरी मशीन ते पकडतं. डीलर म्हणतात ना, काढणीच्या आधी पंधरा दिवस बंद करा म्हणजे झालं, ते इथे चालत नाही. २०१६ पासून भारतातून जाणाऱ्या शेतीच्या कोळंबीचे निम्मे कन्साइनमेंट युरोप आपल्या बंदरावर तपासायला लागला, आधी ते दहा टक्के होतं. हा सगळा भुर्दंड शेवटी तुमच्याच दरात कापला जातो.

आता खरं सांगायचं ते हे. नाव हर्बल, पाकिटावर तुळशीचं चित्र, आणि आत काय ते कोणी तपासलेलं नाही, अशा मालापासून सांभाळा. कंपनीचं नाव, बॅच, घटक छापलेले नसतील तर तो माल घेऊच नका. चेन्नईची कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटी अँटिबायोटिकमुक्त म्हणून तपासलेल्या इनपुटची यादी देते, विकत घ्यायच्या आधी त्यात नाव शोधा. आणि घरचा लसूण, घरचा ओवा वापरताय तर त्याचा एक मोठा फायदा हाच आहे की आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. काढणीच्या आधी एमपीडाच्या (सागरी माल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) लॅबमधून प्री हार्व्हेस्ट टेस्ट करून घेताच ना? ती टाळू नका, शेजारच्या तलावाचा नमुना देऊन तर मुळीच नाही.

बाणकोट_खाडी:
पाच टनांचा हिशोब वाचला, पटला. पाण्यात ओतणं बंद. पण मग गुळाचं काय, तो तर सगळेच पाण्यात टाकतात.

मत्स्यपदवी_शिरगाव:
गूळ व्हिब्रिओला मारत नाही, त्याचं काम वेगळं. गूळ किंवा मळी म्हणजे कार्बन, तो दिला की बाकीचे उपयोगी बॅक्टेरिया वाढतात, पाण्यातला अमोनिया खातात आणि व्हिब्रिओला जागा कमी उरते. तांदळाचा कोंडा, गूळ आणि यीस्ट आंबवून ते पाणी टाकतात त्यामागे हेच आहे, सोबत बॅसिलसचं प्रोबायोटिक असेल तर अजून बरं. पण हे बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात हे लक्षात ठेवा, एरेटर कमी असतील आणि संध्याकाळी गूळ ओतला तर पहाटे कोळंबी काठावर येईल. सकाळी ऊन आल्यावरच, थोडाथोडा. आणि एक, लसणाचं आणि प्रोबायोटिकचं खाद्य एकाच वेळी देऊ नका, जे बॅक्टेरिया मुद्दाम घालताय त्यांनाच लसूण मारेल. सकाळच्या फीडला एक, संध्याकाळच्याला दुसरं.

कोळंबीला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात, लस देऊन आठवण ठेवणारी प्रतिकारशक्ती तिच्यात नाही, त्यामुळे तिच्या आतड्याचं अस्तर आणि रक्तपेशी धड राहणं यावरच सगळं आहे. वनस्पतींकडून हीच अपेक्षा ठेवा. रोजच्या खाद्यात, सुरुवातीपासून, थोड्या प्रमाणात, अधूनमधून खंड देत. कोळंबी खायची थांबली की खाद्यातून दिलेलं काहीच आत जात नाही, मग लसूण असो की पुडी.

खाजणवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. बीजाचा ईएचपी रिपोर्ट होता, निगेटिव्ह होता, पण दीड महिन्यात तलावातून लागू शकतो ना? कोळंबी लहानमोठी आहे पण फार नाही. कालपासून खाद्य निम्म्यावर आणलंय, गाळ काढायला पंप लावलाय, त्या कोपऱ्यात खरंच काळा निघाला आणि वास पण. आज सकाळपासून लसूण लावून दिलं, अंड्याचा पांढरा बलक वापरला. कडुलिंबवाल्या ग्रुपवर ॲझाडिरॅक्टिनचं लिहून टाकलंय. पीसीआरला आणि प्लेटला परत नमुना पाठवायचाय, आमच्याकडून लॅब लांब आहे, बर्फात मेलेली कोळंबी पाठवली तर चालते का?

निर्यात_लॅबवाली:
हो दादा, तलावातूनही लागतो. आधीच्या पिकाचा गाळ नीट सुकवला नसेल तर त्यातूनही येतो, त्यामुळे बीज निगेटिव्ह असलं तरी पीसीआर कराच.

नमुन्याचं असं, प्लेटसाठी मेलेली चालत नाही. कोळंबी मेली की काही तासांत तिच्यात सगळेच बॅक्टेरिया वाढतात, मग प्लेटवर काय आलं त्याला अर्थ राहत नाही. जिवंत पाठवा, तलावाच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, बीज येतं तशी, आणि पिशवी थर्माकोलच्या डब्यात. आजारी दिसणारे नग घ्या आणि त्याच तलावातले चांगले दिसणारेही वेगळ्या पिशवीत, दोन्ही बघितल्याशिवाय फरक कळत नाही. पीसीआरसाठी मात्र जिवंत कोळंबीचा एचपी लगेच काढून ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवून पाठवला तरी चालतो, फॉर्मेलिनमध्ये नको. बाटलीवर तलाव क्रमांक, तारीख आणि खाद्यात काय देताय ते लिहा, लसूण चालू आहे हेसुद्धा.